ब्रेकबाईंचं स्पॅनिश

ब्रेकबाईंना खऱ्या नावाने हाक मारणारं आता फारसं कुणी उरलं नव्हतं. बँकेतला कारकूनसुद्धा “या ब्रेकबाई” म्हणूनच बोलवायचा, कारण त्यालाही गाडी त्यांनीच शिकवली होती. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढे जो दुसरा ब्रेक असतो, त्यावर बाईंचा उजवा पाय गेली तीस वर्षं होता. शिकणारा चुकणार हे शिकणाऱ्याच्या आधी त्या पायाला कळायचं. गाडी गचकन थांबायची, आणि मग बाईंचा आवाज सुरू व्हायचा. काच वर असली तरी तो आवाज पुढच्या चौकात ऐकू जाई, असं लोक म्हणत. थोडी अतिशयोक्ती असेल, पण थोडीच.

पायाची सवय घरीही सुटली नव्हती. नवरा पेल्यात पाणी ओतत असला आणि पेला काठोकाठ भरत आला, की टेबलाखाली बाईंचा पाय फरशीवर दाबला जायचा. नवऱ्याचं घड्याळदुरुस्तीचं छोटंसं दुकान होतं. दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसणारा माणूस, बोलणं मोजकं. “अगं, पाण्याला ब्रेक नसतो,” एवढंच म्हणायचे आणि पेला पुढे करायचे.

असं सगळं सुरळीत चालू होतं, आणि मुलाने लग्न केलं.

लग्नाला बाईंची हरकत नव्हती. मुलगा नोकरीसाठी समुद्रापलीकडे गेला होता, तिथे त्याला एक मुलगी भेटली. दोघं आपापसात इंग्रजी बोलत. कचेरीत सह्या झाल्या आणि दोन्हीकडच्या आईबापांना फोनच्या पडद्यावर समोरासमोर बसवण्यात आलं. सूनबाई गोड होती, हसरी होती. तिची आई म्हणजे बाईंची विहीण, गोल चेहऱ्याची, कानात मोठे डूल. तिला येत होतं फक्त स्पॅनिश. बाईंना येत होतं मराठी, आणि इंग्रजी गाडीपुरतं: क्लच, गिअर, हॉर्न, इंडिकेटर.

पाऊण तास दोन्ही विहिणी एकमेकींकडे बघून हसत बसल्या. गाल दुखायला लागले. फोनमधल्या भाषांतर करणाऱ्या यंत्रावर मुलाचा फार भरवसा होता, पण बाईंनी “आमच्या घरी सगळे मजेत” असं सांगितलं, तर पलीकडचे व्याही गंभीर झाले आणि त्यांनी छातीवर हात ठेवला. यंत्र नक्की काय बोललं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

तेवढंही चाललं असतं. पण फोन ठेवता ठेवता विहीणबाई बाईंकडे बघत लेकीच्या कानाशी काहीतरी पुटपुटल्या आणि सूनबाई खो खो हसली. लगेच तोंडावर हात धरला. पडदा बंद झाला.

“मला हसल्या त्या,” बाई म्हणाल्या.

“कशावरून?”

“माझ्याकडे बघून बोलल्या आणि हसल्या. अहो, मी तीस वर्षं आरशातून मागची गाडी बघतेय, मला समोरचं दिसणार नाही?”

“अगं, बोलल्या असतील काहीतरी आपापसात.”

“तेच. काय बोलल्या ते मला कळायला हवं.” बाईंचा पाय फरशीवर दाबला गेला. “दोन महिन्यांनी त्या इथे येताहेत. माझ्या घरात माझ्यावर हसतील आणि मी मख्खासारखी बघत राहीन? छे!”

त्या काळात बाईंकडे एक मुलगी गाडी शिकत होती. वय असेल अठ्ठावीस-तीस, अंगाने काडी, आणि स्टिअरिंगला अशी धरून बसायची की जणू ते सुटलं तर ती खाली पडेल. परीक्षेत दोनदा नापास झालेली. पहिल्यांदा चढावर गाडी मागे गेली, दुसऱ्यांदा ती गाडीत बसली आणि चावी फिरवायचंच विसरली. तिला बाईंची भीती वाटायची, ट्रकची वाटायची, सायकलचीही वाटायची. ती कुठेतरी शिकवते एवढं बाईंना माहीत होतं, काय ते कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी सिग्नलला थांबल्यावर बाई आपल्याच तंद्रीत म्हणाल्या, “हे स्पॅनिश कुठे शिकवतात गं?”

मुलगी स्टिअरिंग सोडून त्यांच्याकडे वळली. “मॅडम, मीच शिकवते.”

“तू?”

“हो. संध्याकाळी, नाक्यावरच्या क्लासमध्ये. चार बॅच आहेत माझ्या.”

मागून हॉर्न वाजले. सिग्नल हिरवा झाला होता. आयुष्यात पहिल्यांदाच ब्रेकबाईंचं हॉर्नकडे लक्ष नव्हतं.

व्यवहार तिथल्या तिथे ठरला. बाई तिला परीक्षा पास होईपर्यंत गाडी शिकवणार, ती बाईंना विहीण येईपर्यंत स्पॅनिश शिकवणार, आणि दोन्ही एकाच वेळी, गाडीतच. कारण बाईंना दुसरीकडे वेळ नव्हता आणि स्पॅनिशवालीला दुसरीकडे धीर नव्हता.

पहिल्या दिवशी गाडी पार्कच्या भिंतीला लावून स्पॅनिशवाली म्हणाली, “नमस्कार म्हणायचं असेल तर ओला.”

“कोण ओला?”

“कोणी नाही. ओला म्हणजे नमस्कार. लिहिताना पुढे एच असतो, पण तो म्हणायचा नाही.”

“मग लिहायचा कशाला?”

“असतो तो नुसता.”

“आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीसारखा,” बाई म्हणाल्या आणि पुढे गेल्या. पाव म्हणजे पान. मीठ म्हणजे साल. बाईंना हा सरळसरळ खोडसाळपणा वाटला. आपल्याकडचे चांगले चालते शब्द उचलून भलत्याच वस्तूंना चिकटवले होते. पण ‘पागार’ म्हणजे पैसे देणं हे कळल्यावर त्या थबकल्या.

“म्हणजे आपला पगार?”

“तोच. त्यांच्या शेजारच्या भाषेतून आलाय आपल्याकडे. आणि नारिंगाला ते नारांखा म्हणतात, सदऱ्याला कामिसा.”

“कमीज! अगं मग मला निम्मं येतंच की.”

बाईंना हुरूप आला. त्यात स्पॅनिशवालीने सांगितलं की त्या भाषेत ट आणि ड नाहीतच, सगळा कारभार त आणि द वर. “टेंगो नाही मॅडम, तेंगो. ताटातला त.” इंग्रजी शाळेतल्या मुलांना तो त घोटवता घोटवता तिच्या नाकी नऊ येत, बाईंना तो बोलता बोलता जमला. “फार सुंदर,” ती म्हणाली. बाईंना कुणी विद्यार्थी म्हणून शाबासकी दिल्याला चाळीस वर्षं झाली असतील. त्या दिवशी पुढच्या शिकणाऱ्याने गाडी तीनदा बंद पाडली, तरी बाई त्याच्यावर एकदाच ओरडल्या. त्याला वाटलं, बाईंची तब्येत बरी नाही.

हुरूप टिकला तो ‘ख’पर्यंत. इंग्रजीतला जे तिकडे घशातून काढायचा. आपला ख नव्हे, आणखी खरवडून, घशात काहीतरी अडकल्यासारखा. ओखो म्हणजे डोळा, इखो म्हणजे मुलगा, त्राबाखो म्हणजे काम. बाई घरी भांडी आवरताना घोकू लागल्या. पहिल्या दिवशी नवऱ्याने मीठ घातलेलं कोमट पाणी आणून दिलं. दुसऱ्या दिवशी छातीला लावायचं मलम आणलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “डॉक्टरकडे जाऊ या का?”

“अहो, मी मुलगा म्हणतेय!”

“त्याला काय झालं?”

मग बाईंनी सगळं सांगितलं आणि घरभर चिठ्ठ्या लावल्या. टेबलावर मेसा, खिडकीवर बेंताना, आरशावर एस्पेखो. घड्याळवाले दुकानातून आले तेव्हा त्यांच्या कोटाच्या पाठीवरही ‘मारिदो’ अशी चिठ्ठी निघाली. मारिदो म्हणजे नवरा. सकाळी ती चिकटवून बाई कामाला निघून गेल्या होत्या आणि ती पाठीवर घेऊनच त्यांनी दिवसभर घड्याळं दुरुस्त केली होती. गिऱ्हाइकांना वाटलं, ही कंपनी नवीन आली बाजारात.

“टेबल बाई का?” बाईंनी एकदा गाडीत वाद घातला. “ला मेसा. ती टेबल. काही अर्थ आहे का?”

स्पॅनिशवालीने तिसरा गिअर टाकला. “तो दरवाजा, ती खिडकी, ते कुलूप. सांगा का?”

बाई खिडकीबाहेर बघू लागल्या. “उजवीकडे घे,” त्या म्हणाल्या.

“स्पॅनिशमध्ये.”

“देरेचा.”

“आता डावीकडे?”

“इस्कि... इस्किएर्दा. काय हा शब्द, तोवर वळण निघून जाईल!”

पण खरी गंमत ‘र’ने केली. तिकडे र दोन. एक साधा, जीभ एकदाच टेकणारा, आणि दुसरा लांब, जीभ फडफडवायची. पेरो म्हणजे पण. पेर्रो म्हणजे कुत्रा. स्पॅनिशवाली म्हणाली, लांब र जमायला लोकांना महिने लागतात. बाईंना तो पहिल्या झटक्यात आला, कारण गार पडलेली गाडी सकाळी चालू होताना जो आवाज करते तो त्या कित्येक वर्षं नक्कल करून दाखवत आल्या होत्या. र्र्र्र. अडचण एवढीच झाली, की एकदा चालू झालेला तो र थांबेना. साध्या रच्या जागीही तोच. “किएरो इर, पेर्रो तेंगो त्राबाखो,” त्या ऐटीत म्हणाल्या.

“मला जायचंय, कुत्रा काम आहे,” स्पॅनिशवालीने मराठीत सांगितलं. “मॅडम, परत.”

“पेर्रो.”

“कुत्रा. परत.”

“पेर्र्रो.”

“आता तर मोठा कुत्रा झाला. जिभेला ब्रेक लावा ना मॅडम! परत!”

‘परत’ हा शब्द बाई रोज शंभरदा उच्चारत, पण तो आपल्या कानावर आदळला की कसा लागतो हे त्यांना माहीत नव्हतं. कान गरम होतात, मगाशी येत होतं तेही येईनासं होतं, आणि समोरच्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघवत नाही. मग त्यांच्या लक्षात आलं की गाडी केव्हाच भाजीबाजाराच्या चौकातून पार झाली होती. हातगाड्या, रिक्षा, मधेच घुसणाऱ्या दुचाक्या, सगळ्यांतून ती काडीसारखी मुलगी अलगद गाडी काढून घेऊन आली होती, आणि बाईंचा पाय ब्रेकवर गेलाच नव्हता.

“चौक गेला,” बाई म्हणाल्या.

“कुठला चौक?” असं म्हणून स्पॅनिशवालीने आरशात बघितलं आणि पांढरी पडली. “अगंबाई! तेंगो मिएदो!”

“म्हणजे?”

“मला भीती वाटतेय.”

“आता? चौक मागे गेल्यावर?”

बाईंना किल्ली सापडली. ही मुलगी चुका सुधारत असली, की स्वतःची भीती विसरते. त्या दिवसापासून अवघड वळण आलं, की बाई मुद्दाम चुकू लागल्या. चढ आला की टेबलाला पुरुष करायच्या. समोरून ट्रक आला की ‘बुएनोस दीयास’चं ‘बुएनास दीयास’ करायच्या, आणि स्पॅनिशवाली ट्रककडे न बघता, म्हणजे बघून पण न घाबरता, “बुएनोस! दिवस पुल्लिंगी आहे मॅडम!” असं करवादत गाडी बाजूने काढायची. यातल्या किती चुका मुद्दाम होत्या आणि किती आपोआप, ते बाईंनाही नेमकं सांगता आलं नसतं.

परीक्षेच्या दिवशी बाई फाटकाबाहेर उभ्या होत्या. गाडीत शेजारी बाई नव्हत्या, परीक्षक होते. स्पॅनिशवाली गेली, चढावर थांबली, निघाली, मागे घेऊन दोन खांबांमध्ये गाडी लावली आणि उतरली.

“झालं?”

“पास.” तिचा तिलाच विश्वास बसत नव्हता. “साहेब म्हणाले, तुम्ही सारखं काय पुटपुटत होतात? मी सांगितलं, फळांची नावं. म्हणाले, देवाचं नाव घेणारे बघितलेत, नारिंगाचं घेणारी पहिलीच.”

त्यानंतर आठवड्याभरात पाहुणे आले. विहीणबाई एकट्याच आल्या होत्या, लेक-जावयाबरोबर. त्यांच्या यजमानांना विमानाची भीती होती. दार उघडताच बाईंनी घोटून ठेवलेलं वाक्य तोंडात आणलं, पण त्याआधीच विहीणबाई दोन्ही हात पसरून ओरडल्या, “कोन्सुएग्रा!” आणि त्यांनी बाईंना मिठीच मारली.

हा शब्द काही धड्यात आला नव्हता. बाईंनी मिठीतूनच मुलाकडे बघितलं. “काय म्हणतात रे मला?”

मुलाने बायकोला इंग्रजीत विचारलं. ती हातवारे करून समजावू लागली. इंग्रजीत त्याला शब्द नाही म्हणे. मुलाची सासू आणि मुलाची आई यांचं एकमेकींशी जे नातं असतं ते...

“अरे, विहीण!” घड्याळवाले मागून म्हणाले.

“विहीण?” सूनबाईने विचारलं. “तुमच्याकडे शब्द आहे?”

“आहे म्हणजे? त्याशिवाय लग्न कसं लागेल?” बाई म्हणाल्या. दोन महिने मुलगा आणि सून इंग्रजीत एकमेकांच्या आयांना “माझ्या बायकोची आई”, “तुझ्या सासूची ती” असं गाडाभर बोलून ओळखत होते, आणि दोन्ही आयांकडे त्यासाठी एकेक तयार शब्द होता. बाईंनी विहीणबाईंचा हात हातात घेतला. “कोन्सुएग्रा,” त्या म्हणाल्या, आणि र जिथे हवा तिथेच थांबला.

संध्याकाळी मात्र फजिती झाली. बाई तीन जणांना शिकवून घामाघूम होऊन आल्या, खुर्चीत बसल्या. विहीणबाईंनी प्रेमाने विचारलं, “कोमो एस्तास?” कशी आहेस? उत्तर पाठ होतं. “एस्तोय मुय कासादा,” बाई सुस्कारा टाकून म्हणाल्या.

विहीणबाईंनी बाईंकडे बघितलं. मग घड्याळवाल्यांकडे बघितलं. मग मान डोलावून तितकाच मोठा सुस्कारा सोडला आणि म्हणाल्या, “यो तांबिएन.” मी पण.

सूनबाईला ठसका लागला. पाणी पिऊन, डोळे पुसून तिने नवऱ्याला सांगितलं आणि त्याने आईला. दमलेली असेल तर कान्सादा. कासादा म्हणजे लग्न झालेली. आई म्हणाली होती, माझं फार लग्न झालंय.

“म्हणजे एका अनुस्वाराचा फरक?” बाई म्हणाल्या.

घड्याळवाल्यांनी भिंग पुसत पुसत मान वर केली. “फरक आहे का पण?” त्यांनी विचारलं. मुलाने तेही भाषांतर करून सांगितलं. विहीणबाई इतक्या हसल्या की कानातले डूल हिंदकळत राहिले. बाईही हसल्या. पण मनात आलंच, की हसायला यांना फार सोपं जातं, त्या दिवशीही अशाच हसल्या असतील.

दोन दिवसांनी मुलगा आणि सून मित्राकडे दिवसभरासाठी गेले. घड्याळवाले दुकानात. घरात दोघी विहिणी. बाईंनी कॉफी केली आणि आपले सगळे शब्द बाहेर काढले. घर मोठं नाही. खिडकी मोठी आहे. मुलगा चांगला आहे. मुलगी चांगली आहे. कॉफी गरम आहे. विहीणबाई प्रत्येक वाक्याला “सी, सी” म्हणत. मग त्यांनी भराभर काहीतरी विचारलं आणि बाईंना त्यातलं फक्त ‘आणि’ कळलं. कॉफी संपायच्या आत शब्द संपले. दोघी वस्तूंकडे बोटं दाखवत बसल्या, बालवाडीसारख्या. पंखा. पडदा. पडदा झाल्यावर काही उरेना.

पुन्हा ती पाऊण तासाची शांतता येतेय असं दिसताच बाई उठल्या आणि खुंटीवरची चावी घेतली. “आउतो,” त्या म्हणाल्या. गाडी.

विहीणबाई शेजारच्या सीटवर बसल्या आणि त्यांच्या पायाला काहीतरी लागलं. वाकून बघितलं. “दोस फ्रेनोस?” दोन ब्रेक?

बाईंना हे सगळं कळलं. एकही शब्द न अडखळता कळलं. त्या म्हणाल्या, एक तुझा, एक माझा. मी शिक्षिका. तू चुकणार, मी थांबवणार. आणि म्हणता म्हणता त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याला घरातलं बोलता येत नाही, कारण आपण घरात शिकलोच नाही. आपण शिकलो गाडीत. डावं, उजवं, हळू, जोरात, थांब, मागे बघ, घाबरू नकोस, परत. सगळं आहे.

“तू?” बाईंनी स्टिअरिंगकडे बोट दाखवलं. चालवतेस?

विहीणबाईंनी मान हलवली, आणि मग तोडक्यामोडक्या शब्दांत, हातांनी, चेहऱ्याने आपली कहाणी सांगितली. लग्न झाल्यावर यजमानांनी एकदा शिकवायला घेतलं. ओरडले. खूप ओरडले. चावी ओढून घेतली. मग कधीच नाही.

“नवऱ्याकडून शिकायचंच नसतं! आमच्या धंद्यातला पहिला धडा आहे तो,” बाई सरळ मराठीत कडाडल्या, आणि विहीणबाईंनी जोरजोरात मान डोलावली. भाषांतराची गरजच पडली नाही.

जुन्या गोदामामागे मोठं मोकळं आवार होतं. मालक बाईंचाच विद्यार्थी, त्याची कायमची परवानगी होती. तिथे बाईंनी गाडी थांबवली, उतरल्या, वळसा घालून दुसऱ्या दाराशी गेल्या आणि ते उघडलं. “तू तिकडे.”

“यो?”

“तू.”

विहीणबाईंनी छातीवर हात ठेवला, डूल काढून पर्समध्ये ठेवले आणि स्टिअरिंगमागे जाऊन बसल्या.

पहिल्यांदा गाडी उडी मारून बंद पडली. दुसऱ्यांदा बंद पडली. तिसऱ्यांदा निघाली आणि विहीणबाईंनी आनंदाने दोन्ही हात वर केले. “मानोस! मानोस!” बाई ओरडल्या. हात! हात! पाय मात्र विहीणबाईंनी जोरात दाबला, तो नेमका भलत्याच जागी, आणि गाडी गोदामाच्या रिकाम्या पिंपांच्या ढिगाकडे सुसाट निघाली. बाईंचा उजवा पाय पडला. गाडी पिंपांपासून वीतभर अंतरावर गचकन थांबली.

बाईंनी तोंड उघडलं. आता जो आवाज निघणार होता तो तीस वर्षांचा मुरलेला होता. पण शेजारी विहीणबाईंनी डोळे गच्च मिटून मान खांद्यांत ओढून घेतली होती. हे मान ओढून घेणं आजचं नव्हतं, हे बाईंना दिसलं. कुणीतरी ओरडणार याची ती जुनी वाट बघणं होतं.

बाईंनी उघडलेलं तोंड मिटलं. मग म्हणाल्या, “देस्पासियो.” हळू. “ओत्रा बेस.” परत. आणि ‘परत’ हा शब्द इतक्या मऊ आवाजात त्यांच्या तोंडून आजवर निघाला नव्हता. कदाचित मराठीत तो तसा निघालाही नसता.

विहीणबाईंनी एक डोळा उघडला. ओरडणं येत नाही असं बघून दुसरा उघडला. पुढचा तासभर त्या आवारात गाडी वाकडीतिकडी पण फिरत राहिली. इस्किएर्दा. देरेचा. देस्पासियो. शेवटची फेरी तर त्यांनी बाईंच्या ब्रेकशिवाय पुरी केली आणि पिंपांसमोर स्वतः थांबल्या.

गाडी सावलीत बंद करून दोघी आतच बसल्या. विहीणबाई काहीतरी सांगू लागल्या, सावकाश, सोपे शब्द निवडून, जसं लहान मुलाला सांगतात. फोन. पहिला दिवस. मी, मिएदो. बाईंना मिएदो माहीत होता, स्पॅनिशवालीचा लाडका शब्द. भीती? कशाची? विहीणबाईंनी बाईंच्या कपाळावरच्या आठ्यांकडे बोट दाखवलं. मी लेकीला विचारलं, ही बाई रागावलीय का माझ्यावर? माझं काय चुकलं? लेक हसली. म्हणाली, नाही गं आई, “एस सु कारा.” तिचा चेहराच तसा आहे.

बाईंनी गाडीचा आरसा आपल्याकडे वळवला आणि त्यात बघितलं. दोन महिने घशाला खरवडून, घरभर चिठ्ठ्या लावून ज्या वाक्यासाठी त्या शिकल्या, ते वाक्य हे होतं. आधी त्यांना राग यायला लागला, तो आरशात दिसला, आणि मग त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना. “पेरो,” त्या कशाबशा म्हणाल्या, “पेरो एस बेर्दाद!” पण खरं आहे! विहीणबाई हसत हसत हॉर्नवर कोसळल्या आणि गोदामाचा रखवालदार धावत बाहेर आला.

घरी कुणालाच काही सांगितलं नाही. पुढचे दहा दिवस सून आणि मुलगा बाहेर पडले, की दोघी विहिणी “बाजारात जाऊन येतो” म्हणून निघत आणि रिकाम्या हाताने परत येत. सूनबाईला संशय आला होता. तिने आईला विचारलं. आईने खांदे उडवले आणि सांगितलं, आम्ही गप्पा मारतो.

परत गेल्यावर महिन्याभरात विहीणबाईंनी त्यांच्या गावातल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. व्याह्यांनी आधी थट्टा केली, मग आरडाओरडा केला, मग अबोला धरला. अबोला विहीणबाईंना सोयीचाच पडला, अभ्यासाला शांतता मिळाली. इकडे बाई शिकणाऱ्यांवर अजूनही ओरडतात, नाही असं नाही. पण हल्ली ओरडायच्या आधी एक क्षण थांबतात, आणि त्या क्षणात पुष्कळदा शिकणारा स्वतःच चूक सुधारतो. स्पॅनिशवालीने जुनी छोटी गाडी घेतली आणि रविवारी ती बाईंकडे येते. धडा आता घरात चालतो, कारण तिच्या मते मॅडमची भाषा अजूनही फार रस्त्यावरची आहे.

परवाच्या रविवारी धडा चालू असताना फोन वाजला. विहीणबाई होत्या. परीक्षा झाली होती. नापास, त्या म्हणाल्या, आणि ते इतक्या आनंदाने म्हणाल्या की बाईंना वाटलं आपलंच काही चुकतंय ऐकण्यात. चुकत नव्हतं. सगळं बरोबर केलं होतं, फक्त गाडी मागे घेताना परीक्षकाच्या स्वतःच्या गाडीला जरासा स्पर्श झाला होता. पुढच्या महिन्यात पुन्हा परीक्षा.

“मागे घेताना चाक कुठे वळवलंस?” बाईंनी विचारलं.

पलीकडून धबधबा आला. बाईंना अर्धा कळला. त्यांनी उत्तर द्यायला सुरुवात केली, पण क्लच अर्धा सोडायचा आणि मान पूर्ण वळवायची, हे त्या भाषेत कसं सांगायचं ते येईना. त्यांनी स्पॅनिशवालीकडे बघितलं. ती सांगायला लागली, तर बाईंनी हाताने थांबवलं.

“तू राहू दे. तुला तरी मागे घेता येते का अजून नीट?” असं म्हणून त्यांनी फोनचा कॅमेरा चालू केला, खुंटीवरची चावी घेतली आणि चपला पायात सरकवत विहीणबाईंसकट जिना उतरू लागल्या.